गोड बोलण्याचा हिशेब: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘काम काढून घ्यायचं तर चार शब्द गोड बोलावेच लागतात’ या वाक्यावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. सातारा-सांगलीकडच्या पत्रांत ऊसतोड, तलाठी ऑफिस आणि एमआयडीसी पुन्हा पुन्हा येत होती, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

आमचा दीड एकर आडसाली ऊस, जात को ८६०३२, जुलैची लागण. शेजाऱ्याची लागण ऑगस्टमधली, तरी त्याला आधी तोड आली. तो चिटबॉयला (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) रोज चौकात चहा पाजतो, ‘तुमच्याशिवाय गट चालत नाही’ म्हणतो. ऊसतोड टोळीला मटणाचं जेवणही घातलं. आम्हाला असलं पुढं पुढं करणं जमत नाही. शिकून घ्यावं का?
(कोरेगाव तालुका)

चिटबॉयच्या हातात नक्की काय आहे ते आधी बघू. तोडीचा क्रम कारखान्याच्या गट ऑफिसात ठरतो. नोंदीतली लागणीची तारीख, उसाची जात, लागण की खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस), यावर पाळीपत्रक निघतं. चिटबॉय ती तारीख बदलू शकत नाही. त्याला मोकळीक असते ती एवढीच, की पाळीत आलेल्या पाच-सात फडांपैकी टोळी उद्या कुठं उतरवायची. आणि ते ठरवताना त्याच्या डोक्यात चहापेक्षा गाडी जास्त असते. टोळीला मजुरी टनावर मिळते, त्यामुळं पडलेला, गुंतलेला ऊस तिला नको असतो. ट्रॅक्टर ओल्या रानात रुतला की ती खेप गेली आणि बोलणी चिटबॉयनं खाल्ली. रस्त्याकडेचा, कोरड्या रानातला, उभा ऊस असलेला फड तो आधी उचलतो. शेजाऱ्याचा फड असा आहे का ते बांधावर उभं राहून बघा. त्याच्या उसाची जात को सी ६७१ सारखी लवकर पक्व होणारी असेल, तर ऑगस्टची लागण जुलैच्या आधी धरली जाणं यातही वावगं काही नाही.

आता तुमच्या बाजूचं. पहिली गोष्ट, नोंदीची पावती काढा आणि तीवरची तारीख वाचा. घोळ बहुतेक इथंच असतो. लागण जुलैत झालेली, पण नोंद द्यायला गेलात सप्टेंबरात आणि कुणीतरी अंदाजानं ऑगस्ट लिहून टाकलेला. कधी गट नंबर चुकलेला, कधी साठ गुंठ्यांचे चाळीस झालेले, कधी मोबाईल नंबर जुना. याची दुरुस्ती गट ऑफिसात लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन, गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत करायची. पाळीपत्रक निघाल्यावर चिटबॉयला कितीही गोंजारलंत तरी त्याला त्यात खाडाखोड करता येत नाही.

दुसरी, पाणी. पाळी जवळ आली की जमिनीच्या मगदुराप्रमाणं दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडा. काळ्या भारी रानात जास्त दिवस लागतात. वजन वाढेल म्हणून शेवटचं पाणी देणारे पुष्कळ असतात. मग टोळी येते, पाय रुततात, टोळी पुढच्या फडात जाते आणि आपण म्हणतो, त्यानं चहा पाजला होता.

तिसरी, वाट. पाटावर सिमेंटचा पाईप टाकून माती भरा, बांधावरची झुडपं तोडा, भरलेल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर वळेल एवढी जागा फडाच्या तोंडाशी ठेवा. मग चिटबॉयला भेटून एवढंच सांगा: ‘दादा, गट नंबर अमुक, लागण १२ जुलै, पाणी तोडून बारा दिवस झाले, वाट केली आहे, ट्रॅक्टर फडापर्यंत येतो.’ त्याला हवी असलेली सगळी माहिती यात आहे. ‘तुमच्याशिवाय गट चालत नाही’ हे तो दिवसातून दहा जणांकडून ऐकतो.

मटणाचं बोलू. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्या ऊसबिलातून वजा होतच असतो. म्हणजे टोळीला ‘खुशाली’ आणि ड्रायव्हरला दर खेपेची ‘एन्ट्री’ दिलीत, की एकाच कामाचे पैसे दोनदा गेले. आणि जेवणाचा भाव चढत जातो. पहिल्यानं जेवण घातलं, दुसऱ्यानं जेवण आणि पाकीट दिलं, तिसऱ्याला नुसत्या जेवणावर कुणी विचारत नाही. दोन हंगामांत अख्ख्या शिवाराचा तो दर होऊन बसतो आणि गोड बोलणाऱ्यालाही तोच पडतो. पैसे मागितले तर फडाचा गट नंबर, तारीख, गाडी नंबर, मुकादमाचं नाव आणि मागितलेली रक्कम लिहून कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याकडं तक्रार द्या. साखर आयुक्तालयानं कारखान्यांना अशा तक्रारींसाठी अधिकारी नेमायला सांगितलेलं आहे. एक प्रत साखर प्रादेशिक सहसंचालकांना पाठवा: साताऱ्यासाठी पुणे, सांगलीसाठी कोल्हापूर. शेजारच्या चार-पाच फडवाल्यांच्या सह्या घेतल्यात तर टोळीचा राग एकट्यावर निघत नाही.

टोळीला प्यायचं पाणी, पोरांना सावली, बायकांना आडोसा हे मात्र न मागता द्या. ती माणुसकी आहे, तिला लाचारीच्या खात्यात टाकू नका.

बिलासाठी अकाउंटला गोंडा घोळणाऱ्यांसाठी एक ओळ: ऊस गेल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दरानं पैसे देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. व्याजाची मागणी लेखी करा.

वडील वारले, सातबाऱ्याला वारस लावायचे आहेत. अर्ज देऊन दोन महिने झाले. सगळे सांगतात, ‘भाऊसाहेबांना (तलाठ्यांना) भेटत राहा, वाढदिवसाला शाल-श्रीफळ घेऊन जा.’ किती वेळा जावं?
(तासगाव तालुका)

एकदा, पण कागद घेऊन.

वारस नोंदीचे टप्पे असे: मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं शपथपत्र आणि अर्ज द्यायचा. तलाठी (२०२४ पासून त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) चौकशी करून गाव नमुना ६ क मध्ये वारसांची नोंद घेतात. मग नमुना ६ ला फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) पडतो, संबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि तेव्हा नाव सातबाऱ्यावर येतं. म्हणजे शेवटची सही भाऊसाहेबांची नाहीच. फेरफार पडून मंडळ अधिकाऱ्यांकडं थांबला असेल, तर भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला नेलेली शाल चुकीच्या खांद्यावर पडते.

म्हणून विचारायचं ते असं: ‘भाऊसाहेब, ४ जुलैचा अर्ज आहे, ही पोच. ६ क ला वारस नोंद झाली का? फेरफार नंबर पडला का? नोटीस कुणाकुणाला गेली?’ या तीन प्रश्नांच्या उत्तरांत अडलेली जागा सापडते. ती बहुधा तीनपैकी एक असते. मृत्यू दाखल्यावर ‘रामचंद्र’ आणि सातबाऱ्यावर ‘रामू’. लग्न झालेल्या बहिणींची नावं अर्जात घातलेलीच नाहीत, हे आपल्याकडं अजूनही सर्रास चालतं आणि तिथं नोंद अडते तेही बरोबरच आहे. किंवा बहिणींचे पत्ते अर्धवट, त्यामुळं नोटीस परत आलेली. यातलं काहीही खुशामतीनं सुटणारं नाही. एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र आणि पूर्ण पत्ते दिले की सुटतं. अर्ज नव्यानं करायची वेळ आली तर ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन करा. तिथं अर्जाचा क्रमांक मिळतो, कुठवर आला तेही दिसतं.

कागद पुरे असूनही हालचाल नसेल तर २००५ चा बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा राज्याचा कायदा आठवा. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. कुठल्याही कर्मचाऱ्याकडं फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये असं त्यात आहे. तहसीलदारांना अर्ज करा: ‘४ जुलैच्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही आणि प्रलंबित असल्यास त्याचं कारण कळवावं.’ तरीही गप्प असतील तर हाच मजकूर माहिती अधिकारात टाका: एक विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस.

आणि अर्जाच्या सुरुवातीला ‘गोरगरिबांचे कैवारी, कर्तव्यदक्ष’ वगैरे लिहू नका. कारकून फक्त ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी वाचतो. संदर्भात तारीख नसेल तर कैवाऱ्यालाही फाईल सापडत नाही.

शाल-श्रीफळाचं: सरकारी नोकरांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत अधूनमधूनचं साधं जेवण किंवा गाडीतून सोडणं याला भेट धरत नाहीत, पण ज्याचं काम आपल्याकडं आहे त्याच्याकडून मोठा पाहुणचार टाळावा असं आहे. शालीच्या घडीत पाकीट गेलं तर मामला वेगळा. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. द्यायला भाग पाडलं गेलं असेल तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. मागणी झाली तर देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ ला फोन करा.

सातारा एमआयडीसीत क्वालिटीला आहे, चार वर्षं झाली. मॅनेजर साहेबांनी ग्रुपवर काहीही टाकलं की एक सहकारी पहिल्या मिनिटाला ‘ग्रेट सर’ टाकतो. मीटिंगमध्ये त्यांचं वाक्य संपायच्या आत मान डोलावतो. यंदा ग्रेड त्याला मिळाली. मला खोटं बोलता येत नाही. मग मागंच राहायचं?
(सातारा)

खुशामतीचा परिणाम होतो, हे मान्य करूनच पुढं जाऊ. ईलेन चॅन आणि जयदीप सेनगुप्ता यांचा २०१० सालचा अभ्यास आहे. ‘तुमची आवड फार छान आहे’ असं छापलेलं दुकानाचं जाहिरातपत्रक लोकांना दाखवलं. हे सगळ्यांनाच छापून वाटलेलं आहे, माल खपवायला आहे, हे वाचणाऱ्यांना कळत होतं आणि विचारल्यावर त्यांनी तसं सांगितलंही. पण त्यांचा नकळत होणारा कल मोजला तेव्हा तो दुकानाच्या बाजूनं निघाला. डोक्याला कळतं, तरी आत कुठंतरी गोड लागतं. तुमच्या साहेबांचंही तसंच.

दुसरी बाजू मात्र तुमचा सहकारी विसरतोय. एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६४ साली मर्जी संपादन करण्याच्या रीती मांडल्या: तोंडावर स्तुती, मताला मत मिळवणं, स्वतःला हवं तसं दाखवणं आणि छोटे उपकार करून ठेवणं. त्यातली अडचणही त्यांनीच दाखवली. समोरच्याकडून काही हवं असण्याची गरज जितकी मोठी आणि उघड, तितका स्तुतीचा संशय जास्त. म्हणजे ज्याला खुशामतीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच सर्वांत कमी चालते. मार्च महिन्यात अचानक ‘सर, तुमच्यासारखे सर मिळाले नसते’ सुरू होतं ते यामुळंच फसतं. इन्क्रिमेंटची पत्रं एप्रिलमध्ये निघतात हे साहेबांनाही माहीत असतं. रूस व्होंक या डच संशोधिकेनं १९९८ मध्ये आणखी एक दाखवलं: वरच्याशी लोण्यासारखा आणि खालच्याशी उर्मट वागणारा माणूस बघणाऱ्यांना झटकन नावडतो. कॅन्टीनच्या पोरावर ओरडणं साहेबांनी एकदा पाहिलं की शंभर ‘ग्रेट सर’ पाण्यात.

आता तुम्ही काय करायचं. कौतुक करायला शिका. खोटं बोलायची गरज नाही, नेमकं बोलायची आहे. ‘सर, तुम्ही ग्रेट’ यात माहिती शून्य. त्याऐवजी: ‘सर, कस्टमर ऑडिटच्या आधी गेज आर अँड आरच्या (मोजमापाच्या खात्रीच्या) शीट काढून ठेवायला लावल्यात, त्यामुळं ती मेजर एनसी (ऑडिटमधली मोठी त्रुटी) टळली.’ काय केलं आणि त्यानं काय झालं, बस. त्याच दिवशी सांगा, दोन वाक्यांत, समोरासमोर, ग्रुपवर नाही. पुढं ‘पण’ जोडायचं नाही. निदान आठवडाभर काही मागायचं नाही. रजेचा अर्ज खिशात ठेवून केलेलं कौतुक रजेच्या अर्जाचंच पहिलं पान असतं.

दिसणं, कपडे, साहेबांची मुलं यांवर बोलू नका. आधीच्या मॅनेजरची निंदा करून आत्ताच्यांना चढवू नका. तुम्ही पुढच्यांपुढं यांच्याबद्दल काय बोलाल, याचा हिशेब ते तिथंच मांडतात.

मतभेद असेल तर मीटिंगच्या आधी पाच मिनिटं केबिनमध्ये सांगा आणि हेतूला हो म्हणून मार्गाला नाही म्हणा: ‘रिजेक्शन महिनाअखेर खाली आणायचंच आहे सर. इन्स्पेक्शन दुप्पट केलं तर डिस्पॅच थांबेल. टूल ४०० ऐवजी ३०० नगांना बदलून आठवडाभर बघू का?’ मताला मत देणाऱ्यांच्या गर्दीत असा माणूस साहेबांना लागतो, कारण वरच्या मीटिंगमध्ये त्यांनाच उत्तर द्यायचं असतं.

आणि दर महिन्याच्या शेवटी पाच ओळींचा मेल. कुठला पार्ट, रिजेक्शन किती टक्क्यांवरून किती, कुठली तक्रार बंद झाली, कुणाची मदत झाली, पुढच्या महिन्यात काय. वर्षाच्या साठ ओळी होतात. ग्रेड ठरवताना साहेबांना गेल्या दोन महिन्यांचंच आठवत असतं, बाकीचं तुम्ही आठवण करून द्यायचं. याला स्वतःची टिमकी म्हणणारे भेटतील. आकडे खरे असतील तर ती टिमकी नव्हे.

एक शंका आमची. सहकाऱ्याचे ‘ग्रेट सर’ तुम्हाला ग्रुपवर दिसले. त्याचं वर्षभराचं काम तुम्ही पाहिलंत का? ग्रेड त्याला मान डोलावण्याबद्दल मिळाली असं धरून चालण्याआधी साहेबांना विचारा, ‘माझ्या कामात कुठल्या दोन गोष्टी कमी पडल्या?’ उत्तर लिहून घ्या.

खुशामत, लांगूलचालन, हुजरेगिरी, तळी उचलणं… इतके शब्द का? सगळ्यांचा अर्थ एकच ना?
(वाई)

विश्वकोशाच्या गावातून हा प्रश्न आला, त्याचा आनंद आहे. अर्थ एक नाही. खुशामत फारसी, गोड स्वागताचा शब्द, म्हणून त्यात निदान अदब आहे. लांगूलचालन म्हणजे शेपूट हलवणं. गोंडा घोळणं हे त्याचंच गावाकडचं रूप, आणि त्यात कुत्रं डोळ्यांसमोर जास्त स्पष्ट उभं राहतं. हुजऱ्या हा दरबारात धन्याच्या हुजूर, म्हणजे समोर, उभा राहणारा नोकर. त्याचं कामच तसं होतं, पगार त्याचाच होता. पगाराशिवाय तेच करतो तो हुजरेगिरी करतो. री ओढणं गाण्यातून आलं: मुख्य गायकाचा सूर मागच्यांनी धरून ठेवायचा. मीटिंगमध्ये साहेबांचं शेवटचं वाक्य परत म्हणणारे हेच करतात.

तळी उचलणं सगळ्यांत मजेदार. कऱ्हाड तालुक्यातल्या पालीला किंवा घरच्या खंडोबापुढं ताम्हनात भंडारा, खोबरं, सुपारी, पानं ठेवून पाच जण मिळून ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ताम्हन वर उचलतात. एकट्यानं तळी उचलली जात नाही. म्हणून हा शब्द गटासाठीच शोभतो: नेत्याची तळी कार्यकर्ते उचलतात. एकट्या कारकुनाला तो लावला की चुकतो.

आणि एक शब्द आपण वाया घालवला आहे. आर्जव. मूळ ‘ऋजु’, म्हणजे सरळ. आर्जव म्हणजे सरळपणा. मराठीत येईपर्यंत त्याची विनवणी झाली. सरळ मागणं आणि विनवणं यांतलं अंतर आपल्याकडं इतकं कमी झालं, की शब्दच घसरत गेला.

सहा महिन्यांपूर्वी सरपंच झालो. तेव्हापासून गावात सगळे ‘आबा, तुम्ही म्हणाल ते’. कोण मनापासून बोलतंय आणि कोण कामासाठी, कसं ओळखावं?
(आटपाडी तालुका)

तुमचं मत शेवटी सांगा. पाण्याची टाकी कुठं बसवायची हा विषय असेल तर मासिक सभेत आधी प्रत्येकाला चिठ्ठीवर जागा लिहायला सांगा, चिठ्ठ्या गोळा करा, मग तोंड उघडा. तुम्ही आधी बोललात तर नऊच्या नऊ जागा तुमच्याच निघतील आणि त्यातून तुम्हाला काहीच कळणार नाही. सर्वांत नवख्या सदस्याला पहिलं बोलू द्या. महिला सदस्यांच्या जागी त्यांचे मालक बोलायला लागले तर थांबवा. खऱ्या पाण्याच्या अडचणी त्या बायकांनाच माहीत असतात.

एका छोट्या वहीत दोन तारखा लिहा: कौतुक कधी झालं आणि मागणी कधी आली. वाढदिवसाला चौकात तुमचा फ्लेक्स लावणारा पंधरवड्यात गटाराच्या कामाचं बिल घेऊन येतो का, हे वहीत दिसतं, डोक्यात राहत नाही. त्याला रागावू नका. ‘एमबी झाली का?’ एवढं विचारा. शाखा अभियंत्यानं मोजमाप पुस्तिकेत काम नोंदवलं असेल तर बिल निघेल, नसेल तर फ्लेक्स कितीही मोठा असो, निघणार नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाही हेच सांगून ठेवा.

पाणी सोडणाऱ्याशी आणि शिपायाशी तो माणूस कसा बोलतो ते कान देऊन ऐका. यापेक्षा स्वस्त परीक्षा नाही.

मात्र सगळ्या गोड बोलणाऱ्यांना एका पंक्तीला बसवू नका. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ‘आबा, तुमच्याच हातात आहे’ ही बोलायची रीत असते, तो चमचेगिरी करत नसतो. आणि सभेत तुमच्या विरोधात बोलणारा एखादा असेल तर त्याला जपा. तो निधी मिळेना म्हणून बोलतोय की चूक दिसते म्हणून, हे नंतर बघता येतं.

पाटण खोऱ्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. बदलीसाठी शिक्षण विभागातल्या सगळ्यांच्या पुढं पुढं करतो आहे. फायदा होईल का?
(पाटण तालुका)

जिल्ह्यांतर्गत बदल्या २०१७ पासून संगणकीय प्रणालीतून होतात, आणि प्रणालीला पेढे चालत नाहीत. तुमचा संवर्ग (बदलीतला प्राधान्यगट) बरोबर लागला आहे का ते बघा. पती-पत्नी दोघे नोकरीत असतील तर दोन शाळांमधलं अंतर ३० किलोमीटरपेक्षा जास्त असल्याचा दाखला वेळेत लागतो. आजारपणावरून संवर्ग एक मागत असाल तर वैद्यकीय प्रमाणपत्र बदलीच्या शासन आदेशात दिलेल्या यादीतल्या आजाराचं हवं. शाळा अवघड क्षेत्रात नोंदली आहे का आणि तिथं रुजू झाल्याची तारीख प्रोफाईलमध्ये बरोबर आहे का, हे तपासा. पसंतीक्रम भरताना नुसत्या शहराजवळच्या शाळा टाकून बाकी रकाने मोकळे सोडतात, तिथं बरेच जण फसतात. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं प्रोफाईल पडताळणीच्या दिवशी जा. बाकीच्या दिवशी वर्गावर राहा.

धर्मादाय रुग्णालयात सवलतीची खाट मिळावी म्हणून एका पुढाऱ्याची चिठ्ठी आणायची आहे. त्यासाठी आठवडाभर त्यांच्या बंगल्यावर बसून आहे.
(मिरज)

उठा. धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. चिठ्ठी ही अट नाही. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर त्या दिवशीची स्थिती लेखी मागा, आणि दाद धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्तांच्या कार्यालयात मागा.

मुलीची बारावीची प्रॅक्टिकल आहे. बाहेरच्या परीक्षकांसाठी कंदी पेढ्यांचा बॉक्स पाठवला तर चालेल ना? साताऱ्याचे म्हणून.
(सातारा)

नाही. परीक्षक अडचणीत येतील आणि मुलीला वाटेल, आपल्या जर्नलवर आईचा भरवसा नाही. जर्नल पूर्ण आहे का, प्रत्येक प्रयोगाखाली सही आणि तारीख आहे का, प्रमाणपत्राचं पान भरलं आहे का, हे आदल्या रात्री बघा. पेढे निकालाच्या दिवशी घ्या, तिच्या शिकवणाऱ्या बाईंना पाव किलो न्या.